ऋणको पित्याचा उपदेश

पित्याने अपत्यांसाठी लिहून ठेविलेला उपदेश हा वाङ्मयाचा एक जुना व सर्वदेशीय प्रकार आहे. इंग्लंडात तर सोळाव्या-सतराव्या शतकांत त्याला विशेषच बहर आला होता. एलिझाबेथ राणीचा प्रधान लॉर्ड बर्ली ह्याने आपल्या मुलासाठी व्यवहाराचे नियम घालून दिले; हॅलिफॅक्सच्या मार्क्विसने १६८८ साली आपल्या मुलीसाठी एक पुस्तकच लिहिले, व ते पुढे कित्येक वर्षे घरोघर वाचले जात असे. ह्या प्रकारातील पुष्कळसे लेखन आज वाचवत नाही. त्यातील नीती खोटी असते म्हणून नव्हे; ती कोणाच्या अनुभवातून आली हे कळावयास मार्ग नसतो, म्हणून. उपदेश करणारा उच्चासनावर बसलेला असतो व मुले खाली बसून ऐकत असतात, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे राहते.

ह्या नियमास जे थोडे अपवाद आहेत त्यांत विल्यम पेन ह्याने आपल्या मुलांस केलेल्या उपदेशाची गणना करावी लागेल. पेन हा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु घरातील पेन, म्हणजे बायको-मुलांचा, देण्याघेण्याचा आणि कारभाऱ्यांच्या हिशेबांचा पेन, हा तितकासा परिचित नाही. आणि त्याच्या उपदेशाची खरी किंमत त्या दुसऱ्या पेनला ओळखल्यावाचून कळत नाही.

मुलांना उपदेश करावयास बसलेला हा गृहस्थ स्वतः मुलगा म्हणून कसा होता, हे आधी पाहू. पेनचा जन्म लंडनमध्ये १६४४ साली झाला. बाप आरमारातील ॲडमिरल; दुसऱ्या चार्ल्स राजाच्या व त्याचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क ह्याच्या मर्जीतला. मुलाने दरबारी व्हावे, ही त्याची साधी इच्छा. मुलाला १६६२ साली राजमान्य धर्मविधी न पाळल्याबद्दल ऑक्सफर्डमधून काढून टाकले, तेव्हा बापाने त्याला झोडपून घराबाहेर घातले. पुढे फ्रान्सला पाठविले. तिकडून तो चांगला टापटिपीचा होऊन परत आला. बापास वाटले, खूळ गेले. परंतु १६६७ साली आयर्लंडात, कॉर्क येथे, टॉमस लो नावाच्या प्रचारकाचे प्रवचन ऐकून तो क्वेकर पंथात शिरला, तो कायमचाच. हे क्वेकर लोक शपथ घेत नसत, शस्त्र धरीत नसत, कोणापुढेही टोपी काढीत नसत, आणि लहानथोर सर्वांस एकवचनाने संबोधीत. आपल्याकडे सुनेने सासऱ्यास अरे-तुरे करावे तसाच हा प्रकार. ॲडमिरल अखेर इतके म्हणण्यापर्यंत खाली उतरला, की बाकीच्या जगाला हवे तर 'तू' म्हण, फक्त राजा, ड्यूक आणि मी ह्या तिघांना सोड. मुलगा तेही ऐकेना. त्याने लंडनचा किल्ला पाहिला, तुरुंग पाहिला. १६७० साली त्याच्यावर झालेला खटला, त्यात पंचांनी उपासमार सोसून दिलेला निर्दोषतेचा निकाल, आणि पंचांस त्यांच्या निकालाबद्दल शिक्षा करिता येत नाही असा त्यातून निघालेला कायद्याचा सिद्धांत, ही इंग्लंडच्या इतिहासातील प्रसिद्ध प्रकरणे होत. टोपी न काढल्याबद्दलचा दंड तो देईना म्हणून त्यास पुन्हा कोठडीत ठेविले. तो दंड कोणीतरी परस्पर भरला. हा 'कोणीतरी' म्हणजे अंथरुणास खिळलेला ॲडमिरलच असावा, असे बहुतेक चरित्रकार मानतात. थोड्याच दिवसांत तो वारला. मरणापूर्वी त्याने मुलास सांगितले, की जगातील कोणत्याही लोभाने आपल्या विवेकबुद्धीस दुखवू नकोस. पेनने हे बापाचे अंत्यवचन आपल्या ग्रंथात आदराने नमूद केले आहे. ज्याने बापाचे एकही ऐकले नाही, त्याच्या हाती बापाकडून एवढेच एक वचन आले. आणि तेही पूर्वीच्या सर्व उपदेशाच्या उलट. हे ध्यानात ठेवून पुढील मजकूर वाचावा.

राजाकडे ॲडमिरलचे सुमारे १६,००० पौंड येणे होते. त्याच्या फेडीदाखल १६८१ साली पेनला अमेरिकेतील विस्तीर्ण मुलूख सनदेने मिळाला. राजाने त्याला ॲडमिरलचे नाव दिले. पुढल्या वर्षी पेन तिकडे जाण्यास निघाला. तेव्हा त्याचे वय ३७. पत्नी गुलिएल्मा व तीन मुले ससेक्समधील वर्मिंगहर्स्ट येथे मागे राहावयाची होती. थोरला स्प्रिंगेट सहा वर्षांचा, लेटिशिया तीन-साडेतीन वर्षांची, धाकटा विल्यम दोन वर्षांचाही नाही. त्या काळचा समुद्रप्रवास म्हणजे प्राणाशी गाठ. ही अतिशयोक्ती नव्हे: पेनच्या 'वेलकम' ह्या जहाजावर सुमारे शंभर उतारू होते, त्यांपैकी तिसाच्या आसपास देवीच्या साथीने वाटेतच मेले. अशा प्रवासाला निघताना, १६८२ च्या ऑगस्टच्या ४ तारखेस, पेनने पत्नीस व मुलांस मिळून एक दीर्घ पत्र लिहिले.

पत्राच्या आरंभी पत्नीविषयीचे प्रेम आहे, ईश्वराचे स्मरण आहे. पण लवकरच लेखणी घरात शिरते. दिवसाची वेळ वाटून घे, जेवणाखाण्याच्या वेळा ठराव. प्राप्ती रोजची किती पडते ह्याचा आकडा मांड, म्हणजे खर्च त्याच्या आत ठेवणे आपल्या हाती राहील. माझे कर्ज फिटेपर्यंत काटकसरीने, अगदी साधेपणाने राहा. सलगी करून घरात घुसणाऱ्या स्नेह्यांस हातभर दूर ठेव. मग तो तिला तिच्या आईची आठवण देतो. गुलिएल्माचा बाप सर विल्यम स्प्रिंगेट पार्लमेंटच्या पक्षाने लढता लढता, तिच्या जन्मापूर्वीच, १६४४ साली वारला होता, आणि लोककार्यापायी त्याची मालमत्ता खालावली होती. त्या प्रसंगी तुझ्या आईने संसार कसा सावरला ते आठव, असे सांगून पेन तेथेच कबूल करितो की आज माझीही गत तीच आहे. उपदेशाच्या वाङ्मयात अशी जागा फार क्वचित सापडते. घरातील कर्त्या पुरुषाने, मुलांनी पुढे वाचावयाच्या पत्रात, आपण संसार बुडीत आणला हे लिहून ठेवावे, ह्यास वेगळेच धैर्य लागते.

मुलांच्या शिक्षणाविषयीचा भाग तर आजही कोणत्याही सुशिक्षित कुटुंबाने वाचण्याजोगा आहे. सर्वत्र काटकसर सांगणारा हा मनुष्य येथे मात्र हात मोकळा सोडण्यास सांगतो. विद्येच्या खर्चात जे वाचते ते सारे वायाच जाते, असा त्याचा अभिप्राय. पण विद्या कोणती? व्याकरण, पाठांतर व लॅटिन कविता ह्यांच्यामागे मुलांची उमेदीची वर्षे दवडणारा तो काळ. पेन मागतो ते गणिताचे उपयोगी अंग: घरे बांधणे, जहाजे बांधणे, जमिनीची मोजणी, छायायंत्रे करणे, नौकानयन, आणि ह्या सर्वांहून त्याच्या मनाला ओढ शेतीची. मुलगे शेतकरी व्हावेत, मुलगी घर चालविण्यात तरबेज व्हावी. मुलांचा स्वाभाविक कल आधी पाहावा व त्याला आडवे जाऊ नये. एकाच विषयावर त्यांस फार वेळ खिळवून ठेवू नये. आणि त्यांच्या खेळांतही थोडी अंगमेहनत असावी. शाळेत धाडण्यापेक्षा एखादा हुशार मनुष्य घरी ठेवून शिकवावे, हे त्याचे मत मात्र ज्याला परवडेल त्याच्यापुरतेच. शिवाय शाळेत वाईट संस्कार होतात ह्या त्याच्या भीतीस ऑक्सफर्डच्या आठवणींचा वास येतो. लंडनमधील व्यापारातल्या वर्षास दहा हजार पौंडांपेक्षा खेड्यातील शंभर पौंडांचे नीटनेटके घर मला अधिक पसंत, असेही तो लिहितो. मुले मोठी झाली की काळजी संपली असे समजू नकोस, खरी काळजी तेव्हाच घे, कारण फासे तेव्हाच अधिक असतात, हा इशाराही त्याने देऊन ठेविला.

मग तो मुलांकडे वळतो. आईच्या आज्ञेत राहा. थोडे बोला, दुसऱ्याचे पुरते ऐकून घेतल्याखेरीज उत्तर देऊ नका. रागात असताना बोलू नका व काही करूही नका. दुसऱ्याच्या भानगडीत कर्तव्याने भाग पाडल्यावाचून पडू नका. लग्न पैशासाठी करू नका. ह्यात अपूर्व असे काही नाही. कोणत्याही घरचा वडीलमनुष्य हेच सांगेल. पण शेवटी पेनला आठवते, की ह्याच मुलांच्या हाती उद्या एका प्रांताचे राज्य जावयाचे आहे. म्हणून तो त्यांस निराळे बजावितो: नम्र राहा, लोकांवर प्रेम करा, लोभाचा तिटकारा करा, न्याय निःपक्षपाताने चालू द्या, कायद्याला मोकळी वाट द्या, त्यात स्वतःचे नुकसान झाले तरी हरकत नाही. ह्या ओळी पुढे कोणावर उलटल्या ते यथाक्रम येईलच.

प्राप्तीचा आकडा रोज मांड, असे पत्नीस लिहिल्यास एकोणीस दिवस झाले. ऑगस्टच्या २३ तारखेस, निघण्याच्या घाईत, पेनचा कारभारी फिलिप फोर्ड हा कागद घेऊन आला. फोर्डही क्वेकर, विश्वासातला. कागदात हिशेब होता, व त्यात पेनकडेच फोर्डचे २,८५१ पौंड निघत होते. पेनने हिशेबाची रुजवात घेतली नाही, बेरीज पाहिली नाही; सही केली, आणि तीन लक्ष एकर जमीन तारणादाखल त्याच्या नावे करून दिली. पुढेही असेच चालले. व्याजावर व्याज चढत गेले, आणि १६९७ साली तर पेनने सबंध पेनसिल्व्हेनियाच फोर्डला लिहून देऊन तीच त्याच्याकडून भाड्याने घेतली. प्रांताचा धनी स्वतःच्या प्रांतात कूळ झाला. आणि हे त्या प्रांतात कोणास ठाऊकही नव्हते.

येथे ढोंगाचा आरोप करणे सोपे आहे. मला तो पटत नाही. जो हिशेबात पक्का असतो त्याला 'रोज आकडा मांड' हे सांगावेसेच वाटत नाही. त्याच्या हाताला ते वळणच असते. पेनला आपला हात सैल आहे हे चांगले ठाऊक होते, म्हणूनच चावी बायकोच्या हाती राहावी अशी त्याची धडपड. त्याचा उपदेश जेथे जेथे जिवंत वाटतो तेथे तेथे तो त्याच्या स्वतःच्या उणिवेवर बोट ठेवून आलेला आहे. आणि जेथे तो धर्मगुरूच्या स्वरात बोलू लागतो तेथे आपण पाने उलटतो.

गुलिएल्मा १६९४ साली वारली. दोन वर्षांनी थोरला मुलगा स्प्रिंगेट क्षयाने गेला. वय अवघे २०. तिघांत बापाच्या वळणावर गेलेला तोच. पेन महिनेन् महिने त्याच्या उशाशी होता, आणि मुलाने बापाच्याच हातांत प्राण सोडला. त्या दिवसांची जी छोटी हकीकत पेनने लिहून छापिली तीत उपदेश जवळजवळ नाही. मुलगा काय बोलला एवढेच आहे. त्याच्या सर्व लेखनात मला हे टिपण सर्वांत सरस वाटते.

त्याच सुमारास ब्रिस्टलच्या एका व्यापाऱ्याची मुलगी हॅना कॅलोहिल हिच्याशी त्याने दुसरा विवाह केला, आणि १६९९ साली तो पुन्हा अमेरिकेस गेला. मुलांसाठी त्याने लिहिलेले पुस्तक ह्याच काळातील समजतात. ते त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७२६ साली, 'पितृप्रेमाची फळे' अशा अर्थाच्या नावाने निघाले. पत्राच्या मानाने ते बरेच शिस्तीचे आहे. नम्रता, सहनशीलता, औदार्य, कृतज्ञता, उद्योग, मितव्यय असे सद्गुण एकामागून एक येतात, व वाचकास डुलकी लागण्याचा संभव असतो. तरीही मधूनच जुना पेन डोके वर काढितो. उठल्याबरोबर काही काळ मन निःशब्द ठेवावे. मग कामास लागावे. दिवस कसा गेला त्याची टिपणवही ठेवावी, एका दिवसास एकच ओळ लागली तरी चालेल. पुस्तके थोडी, पण निवडक असावीत. उद्योग असा असावा की त्यात आळसही नको आणि ढोरमेहनतही नको. आणि मितव्ययाच्या प्रकरणात तोच जुना विषय, आता आकड्यासह: प्राप्ती मोजून तिच्या अर्ध्यात राहा, साधल्यास तिसऱ्या हिश्शात, उरलेले अडीअडचणीस, दानधर्मास व मुलांच्या वाटण्यांस ठेवा.

हे लिहिणाऱ्याच्या घरात त्या वेळी काय चालले होते? धाकटा विल्यम, गुलिएल्माचा उरलेला मुलगा, लग्न होऊन मुलाबाळांचा झाला होता. पण कर्जे करीत होता. नव्या देशाच्या हवेने व जेम्स लोगन ह्या विश्वासू चिटणीसाच्या संगतीने तो सुधारेल ह्या आशेने बापाने १७०४ साली त्याला फिलाडेल्फियास धाडिले. तेथे एका गुत्त्यात शहराच्या पहारेकऱ्यांशी त्याची मारामारी झाली, प्रकरण कोर्टात गेले. बापाने वसविलेल्या शहरात मालकाच्या मुलाची ही शोभा. संतापून त्याने क्वेकर पंथ सोडला, आपल्या नावची जमीन विकून टाकिली व तो इंग्लंडात परतला. लेटिशियाचे लग्न १७०२ साली विल्यम ऑब्रे ह्याच्याशी झाले. लग्न पैशासाठी करू नये असे बजावणाऱ्या सासऱ्यामागे ह्या जावयाने हुंड्याच्या रकमेसाठी सारखा तगादा लाविला.

फोर्ड १७०२ साली वारला. त्याच्या विधवेने व मुलाने कागद बाहेर काढून दावा लाविला, आणि १७०८ च्या आरंभी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, पेन कर्जापायी फ्लीटच्या तुरुंगात गेला. वर्षअखेरीस क्वेकर बांधवांनी वर्गणी करून ७,६०० पौंडांवर तडजोड केली, तेव्हा तो सुटला. विवेकबुद्धीसाठी भोगलेले तुरुंग त्याने मिरविले असते तर शोभले असते. ह्या तुरुंगाची कथा वेगळी.

१७१२ साली त्याला अर्धांगाचे झटके आले, आणि पुढील सहा वर्षे, त्याच्या मरणापर्यंत, बुद्धी व स्मृती हळूहळू मावळत गेली. ह्या काळात घर आणि प्रांत दोन्ही हॅनाने चालविले. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेली ही बाई पत्रे लिही, हिशेब तपाशी, गव्हर्नरांस सूचना देई. पेनचा उपदेश त्याच्या घरात कोणी आचरणात आणिला असेल तर तो हिने, आणि तोही न वाचता.

एका बाबतीत तर पेनचा उपदेश त्याच्याच उंबरठ्यावर अडला होता. डेलावेअर नदीकाठच्या पेन्सबरी ह्या त्याच्या वाड्यात काळे गुलाम राबत असत. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमधील काही क्वेकरांनी १६८८ सालीच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला होता, तेव्हा हा काळाचा दोष असे म्हणून सुटका होत नाही. १७०१ च्या मृत्युपत्रात पेनने आपले गुलाम मुक्त करावे असे लिहिले. ते अमलात आले नाही, व पुढच्या मृत्युपत्रात त्यांचा उल्लेखही नाही. मुलांच्या पुस्तकात औदार्यावर प्रकरण आहे, न्यायावर आहे. ह्यावर काही नाही.

प्रांत हॅनाच्या तीन मुलांकडे गेला. त्यांत कर्ता थॉमस. त्याचा जन्म १७०२ चा. म्हणजे त्याला दहावे वर्ष लागले तेव्हापासून त्याने बाप पाहिला तो आजारीच. घरची ओढग्रस्त, म्हणून त्याने लंडनमध्ये एका कापडव्यापाऱ्याच्या दुकानी उमेदवारी केली. खेड्यातील शंभर पौंडांचे घर बापाच्या पत्रातच राहिले. एक गोष्ट मात्र तो पक्की शिकला: हिशेब. त्याचा हात सैल नव्हता. १७३७ साली त्याने व त्याच्या भावाने लेनापी इंडियनांपुढे १६८६ सालचा म्हणून एक कागद ठेविला. मनुष्य दीड दिवसात चालेल तेवढी जमीन बापाला दिली होती, असा त्याचा मजकूर. इंडियनांची समजूत वाटेत विसावा घेत चालण्याची. पेनबंधूंनी आधी रान तोडून वाट करून ठेविली, तीन दणकट चालणारे निवडिले, आणि त्यांतला एक साठांहून अधिक मैल गेला. मग रेघही आडवी अशी ओढली की सुमारे १,२०० चौरस मैल मुलूख आत आला. बापाचे व इंडियनांचे सख्य त्या प्रांताचे भूषण मानले जात असे. १७५६ साली लेनापींचा पुढारी टीडियुस्कंग ह्याने ईस्टनच्या सभेत ही फसवणूक उघड बोलून दाखविली, तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिले ते फिलाडेल्फियाचे क्वेकर. म्हणजे बापाचेच धर्मबंधू.

पुढल्या वर्षी प्रांताच्या सभेने थॉमसविरुद्ध गाऱ्हाणे सांगण्यास बेंजामिन फ्रँक्लिनला लंडनला पाठविले. १७५८ च्या जानेवारीत दोघांची भेट झाली. सभेचे हक्क तुमच्या वडिलांच्या १७०१ च्या सनदेने दिलेले आहेत, असे फ्रँक्लिनने म्हणताच थॉमसने उत्तर दिले, की राजाने वडिलांना जो अधिकार दिलाच नव्हता तो त्यांनी लोकांना दिला असेल, तर त्या देण्याला काही अर्थ नाही. मग त्या वचनावर विसंबून जे लोक तेथे जाऊन राहिले ते फसले म्हणावयाचे, असे फ्रँक्लिन म्हणाला. त्यावर थॉमस हसून म्हणाला, की राजाची सनद काही गुप्त नव्हती. ती त्यांनी आपली आपण वाचून पाहावयाची होती. हलका घोडेव्यापारी गिऱ्हाइकाला फसवून हसतो तसे ते हसणे फ्रँक्लिनला वाटले, व त्याने सभेच्या अध्यक्षास तसे पत्राने कळविले. त्या पत्राची नक्कल पुढे थॉमसच्या हाती पडली, आणि त्याने फ्रँक्लिनशी बोलणे कायमचे सोडिले.